तुमच्या नावावर पंचवीस विद्यार्थी लागले, आता?

तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही नवे रुजू झालात, मग ते कायम असो की तासिका तत्त्वावर, की पहिल्या महिन्यातच एक यादी हातात पडते. वर 'मेंटॉर-मेंटी', म्हणजे सांभाळणारा शिक्षक आणि त्याच्याकडे सोपवलेले विद्यार्थी, असं लिहिलेलं, खाली पंचवीस-तीस नावं, शेवटी सहीची जागा. बऱ्याच ठिकाणी ही यादी कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या फाइलीत जाऊन बसते आणि पुढची पाहणी जवळ आली की बाहेर निघते. त्या यादीचं खरोखर काही करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणं विदर्भाच्या खेड्यापाड्यांतली आहेत. अमरावती विद्यापीठाचे पाच जिल्हे, नागपूर विद्यापीठाचे चार आणि गोंडवाना विद्यापीठाचे चंद्रपूर-गडचिरोली, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडचं पोरगं पेपर अवघड गेला म्हणून क्वचितच शिक्षण सोडतं. परीक्षा फॉर्मची तारीख निघून जाते, उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळत नाही, गावची बस बंद होते, कापूस वेचायला घरात माणूस कमी पडतो, आणि यातलं काहीच ते कोणाला सांगत नाही. तुम्ही विचारलंत तर म्हणेल, "काही नाही सर, बरं आहे." त्यामुळे ते सांगायला येईल याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. तारीख यायच्या आधी तुम्हीच त्याच्यापर्यंत पोचायचं, एवढंच हे काम आहे.

सुरुवात: दोन कॅलेंडर एका कागदावर

विद्यार्थ्यांना भेटायच्या आधी एक मोठा कागद घ्या. वरच्या ओळीत विद्यापीठाचं वर्ष: जून-जुलैत प्रवेश, मग पहिलं सत्र, नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास हिवाळी परीक्षा, मग दुसरं सत्र, एप्रिल-मेपासून उन्हाळी परीक्षा. त्याच्या बरोबर खाली तुमच्या तालुक्याचं शेतीचं वर्ष लिहा. जूनमध्ये मृगाचा पाऊस आणि पेरणी, मग निंदण, पोळा, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी, मग तूर. भंडारा-गोंदियात असाल तर जुलैत रोवणी आणि नोव्हेंबरात धानाची कापणी. गडचिरोलीत किंवा मेळघाटात असाल तर मार्च-एप्रिलला मोहफूल. तेंदूपत्त्याच्या पट्ट्यात असाल तर मेचा हंगाम, आणि बहुतेक सगळीकडे त्याच दिवसांत लग्नसराई.

आता दोन्ही ओळी कुठे एकमेकींना आडव्या जातात ते बघा. हिवाळी परीक्षेचे फॉर्म निघतात तेव्हा सोयाबीन घरात यायचं असतं, पेपर सुरू होतात तेव्हा वेचणी भरात असते. प्रवेशाची गर्दी असते तेव्हा पेरणीपायी घरातला पैसा संपलेला असतो. या जागांवर लाल पेनाने खूण करा. वर्षभरात पोरं गळतात ती बहुतेक इथेच. लाल खुणेच्या पंधरा दिवस आधी फोन करायचे हे तुमचं वेळापत्रक. बाकीच्या महिन्यांत आठवड्याला एक तास दिला तरी पुरतो. तासिका तत्त्वावरच्या माणसाला या कामाचा रुपयाही मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच वेळ बांधून घ्या आणि तो नेमका जिथे लागतो तिथे खर्च करा.

पहिली भेट

छापील फॉर्म देऊन भरून आणायला सांगू नका. फॉर्मवर सगळ्यांचा 'वडिलांचा व्यवसाय: शेती' असतो. दोन एकर कोरडवाहूवालाही शेती लिहितो, वरुडकडे संत्र्याची बाग असलेलाही तेच, आणि दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणाऱ्याचं पोरगंसुद्धा संकोचाने शेतीच लिहितं.

एकेकाला दहा मिनिटं समोर बसवा. मुलींशी बोलताना खोलीचं दार उघडं असू द्या किंवा व्हरांड्यात बसा. दोन-तीन मैत्रिणी सोबत असल्या तरी चालतं, उलट त्या जास्त बोलतात. विचारायचं ते साधं: सकाळी किती वाजता निघतेस? बस चुकली तर पुढची कधी? घरात दहावीच्या पुढे आणखी कोण शिकलं? घरी कोणती भाषा बोलता?

हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तो महत्त्वाचा आहे. धारणी-चिखलदऱ्याकडचं पोरगं घरी कोरकू बोलतं, एटापल्ली-भामरागडचं माडिया किंवा गोंडी, यवतमाळात कोलामी, पुसद-दिग्रस-मानोऱ्याच्या तांड्यांवर गोरमाटी. वर्गातली पुस्तकी मराठी ही त्यांची दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. वर्गात ती गप्प बसतात, आणि आपण त्यांना मठ्ठ समजून मोकळे होतो.

मग फोनचा प्रश्न. नंबर लिहून घेताना 'हा फोन कोणाचा?' हे विचाराच. बऱ्याच मुलींनी दिलेला नंबर भावाचा किंवा वडिलांचा असतो. ग्रुपवर टाकलेली सूचना त्यांना रात्री कळते, किंवा कळतच नाही. ज्यांचा स्वतःचा फोन नाही त्यांच्या नावापुढे खूण करा आणि त्याच गावातली किंवा त्याच बसची एक जोडीदारीण नेमून द्या. निरोप पोचवणं ही त्या जोडीदारणीची जबाबदारी. ही व्यवस्था कागदावर किरकोळ दिसते, पण माझ्या मते सगळ्या ऑनलाइन सोयींपेक्षा तिने जास्त पोरी टिकतात.

कागदपत्रं, आणि तीही जूनमध्येच

इथे वेळ द्या. पहिल्या वर्षाचं निम्मं रडणं कागदांचं असतं.

सगळ्यात आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, टीसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी-शेजारी ठेवून तपासा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे वडिलांच्या नावाला 'राव' लागलेलं, असं हमखास निघतं. हा फरक आज क्षुल्लक वाटतो, पण क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं मोजमाप) जमा होण्यासाठी लागणारा अपार आयडी किंवा एबीसी आयडी डिजिलॉकरमधून काढताना तो आडवा येतो, आणि पुढे पदवी प्रमाणपत्रावरही. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार दुरुस्त करून घ्यायला सांगा. जन्मतारीख चुकली असेल तर तीही याच फेरीत.

मग दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीचा लागतो. अर्ज सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार'वरून होतो, आणि त्याआधी तलाठ्याकडे जावं लागतं. एका वर्षाचा दाखला मार्चअखेरपर्यंतच चालतो, त्यामुळे बारावीच्या वेळी काढलेला पुन्हा चालेल या भरवशावर पोरं राहतात आणि ऐन वेळी अडकतात. जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे प्रत्येक बॅचला नव्याने सांगावं लागतं. बी.ए. करणाऱ्याला वैधता आज लागत नसेल, पण पुढे बी.एड. किंवा विधी करायचं असेल तर ती लागेल, आणि पडताळणी समितीकडचं प्रकरण एका आठवड्यात निघत नाही. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल शोधायला सुट्ट्यांत लावा.

शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ८ लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमांत इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) गटातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्ण माफ झाली आहे. गावाकडे याचा अर्थ 'मुलींना आता सगळंच फुकट' असा पोचला. साध्या बी.ए.-बी.कॉम.च्या मुलीचे वडील तो कागद घेऊन कार्यालयात भांडतात, तेव्हा त्यांना फरक नीट समजावून सांगणारं कोणी असलं पाहिजे.

राहण्याची सोय वेगळी. समाजकल्याणचं किंवा आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह मिळालं तर सर्वात उत्तम. नाही मिळालं तर हात हलवत परत येऊ नका. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. शहर कोणतं, गुण किती, कोर्स कोणता यांच्या अटी दरवर्षीच्या सूचनेत वाचायच्या, मागच्या वर्षीच्या पोराच्या सांगण्यावर जायचं नाही.

आता पैसे कुठे येतात ते. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि शासनाचे पैसे ज्या खात्यात जातात तिथे ते आधार 'सीड' झालेलं असणं वेगळं. सीडिंग सर्वात शेवटी ज्या बँकेत केलं तिकडे रक्कम जाते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं एखादं विसरलेलं खातं असतं, शिष्यवृत्ती तिथे जाऊन पडते, आणि पोरगं दोन वर्षं 'माझी आलीच नाही' म्हणत फिरतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. पहिल्या भेटीतच तपासून घ्या.

आणखी एक. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली कॉलेजची फी त्याने ७ दिवसांत भरायची असते. रक्कम आली त्या दिवशी घरात खताची उधारी असते किंवा कोणाचा तरी दवाखाना. पैसे तिकडे जातात, आणि परीक्षेच्या वेळी कॉलेजची थकबाकी पुढे येते. हे आई-वडिलांना आधी सांगा, पोराला नव्हे. "भाऊ, इतकी रक्कम येईल, त्यातली इतकी आपली नाही," एवढ्या स्पष्ट शब्दांत.

महाडीबीटीवर अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून पुढे विभागाकडे जातो, आणि त्रुटी निघाली तर परत विद्यार्थ्याकडे. त्रुटीचा मेसेज येतो वडिलांच्या फोनवर. म्हणून दर महिन्याला एकदा सगळ्यांचं स्टेटस एकत्र बसून बघा. कॉलेजच्या संगणक कक्षात एक दुपार पुरते.

पहिले दीड महिने

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून पहिल्या वर्षाच्या पोराला विषयांची यादी वाचूनच घाम फुटतो: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस. त्याला एवढंच सांगा की मेजर म्हणजे आपला मुख्य विषय आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूचे. एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्ग. एवढं कळलं की मार्कशीट वाचता येते. मायनर निवडताना 'मित्राने घेतला' या कारणाला मात्र हरकत घ्या. ज्या विषयाचा शिक्षक कॉलेजात खरोखर आहे तो विषय घ्यावा, हा माझा सरळ सल्ला. कागदावर सगळेच विषय असतात, पण त्यातल्या कितींना शिकवणारा माणूस आहे ते तुम्हाला माहीत आहे, पोराला नाही.

एसटीचा विद्यार्थी पास करून घ्या, त्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते. ज्या मुली रोज येत नाहीत त्यांना महिलांच्या अर्ध्या तिकिटाचा हिशेब कधी-कधी पासपेक्षा स्वस्त पडतो, तो मांडून दाखवा. बसच्या वेळा आणि तासिकांच्या वेळा जुळत नसतील तर प्राचार्यांकडे जाऊन पहिला तास अर्धा तास उशिरा सुरू करायला सांगा. आगार व्यवस्थापकाला कॉलेजच्या लेटरहेडवर, विद्यार्थ्यांच्या सह्यांसह पत्र दिलं तर कधी बसही पुढे-मागे होते. हजेरी ७५ टक्के हवी असते, आणि बसमुळे रोज पहिला तास बुडणाऱ्याची ती कधीच भरत नाही. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. अशा दिवसांची नोंद हजेरीपटावर त्या-त्या वेळीच करून ठेवा, मार्चमध्ये कोणाला आठवत नाही.

इंग्रजीची भीती असते, पण तिच्यासाठी वेगळा वर्ग लावू नका, कोणी येत नाही. विद्यापीठाची मागची प्रश्नपत्रिका घ्या आणि त्यातल्या सूचनांची इंग्रजी आधी वाचायला लावा. परीक्षेत उत्तर कोणत्या माध्यमात लिहिता येतं तेही विचारायला सांगा. मराठीतून लिहिण्याची मुभा असताना मोडक्या इंग्रजीत लिहून गुण घालवणारी पोरं मी दरवर्षी पाहतो.

ऑनलाइन: कमी साधनांत

व्हॉट्सॲप ग्रुप एकच ठेवा आणि त्यावर फक्त तुम्हीच लिहाल अशी सेटिंग करा. शुभ सकाळची फुलं आणि नेत्यांचे वाढदिवस सुरू झाले की तारखा त्यात बुडतात. सूचना लेखी टाकाच, पण सोबत तीच सूचना तुमच्या आवाजात एका मिनिटात सांगा. घरी आई-बाबाही ऐकतात. पीडीएफ टाकायची असेल तर आधी बारीक करा. चाळीस एमबीची स्कॅन केलेली फाइल गावात उघडत नाही, आणि पोरगं 'उघडली नाही' असं सांगत नाही.

थेट ऑनलाइन तास घ्यायचा झाला तर आधी विचारा, नेट कुठे मिळतं? कोणी टाकीवर चढतं, कोणी फाट्यावर जाऊन बसतं. संध्याकाळनंतर मुलींना तिथे जाता येत नाही, म्हणून सातचा ऑनलाइन तास मुलींचा नसतोच. मला विचाराल तर थेट तासापेक्षा पंधरा मिनिटांचं ऑडिओ रेकॉर्डिंग बरं. सकाळी कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्यायचं आणि वेचणी करता-करता कानात ऐकायचं, असं करणारी पोरं आहेत.

मोफत आणि भरवशाच्या वस्तू आधी हातात द्या. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. तुमच्या कॉलेजने इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांची सेवा घेतली असेल तर विद्यार्थ्यांनाही लॉगिन मिळतं, पण ग्रंथपालांकडे मागायला कोणी जात नाही. तुम्ही पंचवीस जणांची यादी घेऊन जा.

स्वयम् या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी पोर्टलबद्दल (वरची वसतिगृहाची स्वयम् योजना वेगळी) थोडं सावध राहा. कोर्स जानेवारी आणि जुलैला सुरू होतात, नाव नोंदवणं फुकट आहे, पण प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला फी लागते आणि केंद्र बहुधा जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहून लांब असतं. क्रेडिट मिळतील या आशेने कोर्स करायचा असेल तर आपल्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केला आहे का हे परीक्षा विभागाला आधी विचारा, लेखी. सुरुवातीला एकाच कोर्सला तीन-चार जणांना एकत्र बसवा. एकटं पोरगं दुसऱ्या आठवड्यात सोडून देतं.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचंही इथेच सांगतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, नागपूर आणि अमरावतीला त्याची विभागीय केंद्रं आहेत, आणि तालुक्याच्या अनेक कॉलेजांत अभ्यासकेंद्र असतं. नियमित कॉलेज झेपत नाही म्हणणाऱ्याला घरी बसू देण्यापेक्षा तिथला रस्ता दाखवा. दूरशिक्षणाची पदवी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यतेची असेल तर ती नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर बघूनच पैसे भरायचे. 'एका वर्षात पदवी' विकणारे तालुक्याच्या चौकातही बसलेले असतात, त्यांच्या फलकाकडे बोट दाखवून हे सांगा.

परीक्षा

लाल खूण आली. फॉर्म निघाल्याच्या दिवशी ग्रुपवर टाका, मग तीन दिवसांनी यादी घेऊन कोण राहिलं ते बघा. राहिलेल्यांना फोन, आणि फोनही न लागलेल्यांसाठी त्यांची जोडीदारीण. विलंब शुल्कासह भरण्याची मुदत असते, पण ते शुल्क घरच्यांना दाखवावं लागतं आणि तिथूनच 'कशाले शिकते आता' सुरू होतं. तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला असेल तर परीक्षा शुल्कात माफी असते. त्याचा शासन निर्णय छापून कार्यालयात लावा.

हॉल तिकिटावरचे विषय कोड फॉर्मशी जुळवून बघायला लावा. चुकीचा मायनर छापून आला तर पेपरच्या दिवशी काही करता येत नाही, आठ दिवस आधी येतं.

वेचणीच्या दिवसांत पेपर असेल तर वडिलांशी तुम्ही बोला. 'अभ्यास महत्त्वाचा' असं भाषण देऊ नका, त्यांना ते माहीत आहे. तारखा द्या: "काका, या पाच दिवशी पेपर आहे, सकाळची पाळी. बाकी दिवस तुमचे." पाच दिवस मागितले तर बहुतेक बाप देतो. सगळा महिना मागितला तर देत नाही, आणि त्याचंही खोटं नसतं. मजुरीचा दर काय चालला आहे ते त्याला माहीत असतं.

निकालानंतर पोरगं गायब होतं, खासकरून एटीकेटी लागली तर. पुढच्या सत्राला बसता येतं, एटीकेटी म्हणजेच ते, हे घरी समजावून सांगावं लागतं, कारण गावात 'नापास झाला' एवढीच बातमी पोचते. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन यांना निकालापासून मोजकेच दिवस असतात. ज्याला आपला पेपर चांगला गेला होता असं ठामपणे वाटतं त्याने आधी छायाप्रत मागवावी आणि ती विषयाच्या शिक्षकाला दाखवूनच पुढचा खर्च करावा.

पोरगं यायचं थांबलं तर

सलग आठवडाभर दिसलं नाही की फोन. घरच्यांनी उचलला तर आधी पिकाचं विचारा, पोराचं नंतर. 'काहून येत नाही?' असं थेट सुरू केलं की पलीकडून सारवासारव मिळते, खरं कारण मिळत नाही.

कारणं थोडीच असतात. मुलीचं लग्न ठरलं. भाऊ पुण्याला कंपनीत गेला आणि आता घरी कोणी नाही. वडील आजारी. किंवा पोराने स्वतःच मनात सोडून दिलं आहे. लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत सासरच्यांशी आधीच बोलायला घरच्यांना सुचवा, आणि परीक्षा केंद्र किंवा कॉलेज बदलून पुढे शिकता येतं याची माहिती तिला द्या, नवऱ्याच्या गावाजवळचं अभ्यासकेंद्र कुठे आहे तेही. मुलगी अठराच्या आत असेल तर तो सल्ल्याचा विषय राहत नाही, १०९८ वर कळवायचं असतं.

खरंच थांबावंच लागत असेल तर रिकाम्या हाताने जाऊ देऊ नका. पहिल्या वर्षाची क्रेडिट पूर्ण असतील तर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची तरतूद आहे. हे घरच्यांसमोर सांगा. 'सोडलं' आणि 'थांबलं' यांत घरात फार फरक पडतो.

आणि मनाचं. ज्या घरात शेतकरी आत्महत्या झाली आहे असं पोर तुमच्या यादीत येऊ शकतं. ते कोणी सांगत नाही, शेजारच्या गावचं पोरगं कानात सांगतं. त्याच्यासमोर विषय काढू नका, पण नजर ठेवा: डबा न खाणं, एकटं मागे राहणं, वह्या-पुस्तकं वाटून टाकणं, 'माझं काही खरं नाही' सारखं बोलणं. जीव द्यायची भाषा ऐकलीत तर गंमत समजू नका आणि एकटं सोडू नका. थेट विचारल्याने तसा विचार डोक्यात घुसत नाही, तेव्हा विचारा. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर नुसता देऊ नका, शेजारी बसून लावून द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, पहिल्या वेळी सोबत जा. तुम्ही समुपदेशक नाही. पोराला तिथवर पोचवणं एवढंच तुमचं काम, आणि गुप्तता पाळणं. स्टाफरूममध्ये याची चर्चा झाली की ते पोरगं पुन्हा कॉलेजात येत नाही.

रॅगिंगचा प्रश्न वसतिगृहात असतो. १८००-१८०-५५२२ हा नंबर खोलीच्या दारावर लावा.

पैसे उसने देण्याबद्दल विचाराल तर मी म्हणेन, देऊ नका. फॉर्मची फी भरायची वेळ आली तर माजी विद्यार्थ्यांच्या किंवा स्टाफच्या निधीतून, पावती करून, कॉलेजमार्फत. तुमच्या खिशातून गेले की पोरगं तुम्हाला टाळायला लागतं.

शेवटचं वर्ष

तिसऱ्या वर्षाला आल्यावर पोराला वाटतं आता काम संपलं. पुढच्या प्रवेशाच्या सीईटीचे फॉर्म शेवटच्या सत्रात परीक्षेच्या आधीच निघतात. बी.एड., विधी, एमबीए, ज्याला जे करायचं त्याची यादी डिसेंबरमध्येच करा. चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं की नाही हेही तेव्हाच. संशोधनाकडे जायचं नसेल आणि घरी पैशाची ओढ असेल तर मी तीन वर्षांवर थांबायला सांगतो.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) केलेल्यांची २४० तास आणि शिबिराची नोंद पूर्ण आहे का ते कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून बघून घ्या, पुढे प्रवेशात आणि भरतीत ते प्रमाणपत्र विचारतात.

निकाल लागला की तीन कागद: टीसी, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असेल तर मायग्रेशन, आणि पदवी प्रमाणपत्र. पदवी आपोआप घरी येत नाही. दीक्षांत समारंभाची जाहिरात निघाली की अर्ज आणि फी भरावी लागते. बरीच पोरं गुणपत्रिकेवरच नोकरीला लागतात आणि चार वर्षांनी भरतीच्या कागदपत्र पडताळणीत अडकतात. म्हणून यादीतल्या नंबरांचा ग्रुप निकालाच्या दिवशी बंद करू नका, दीक्षांतच्या अर्जाची तारीख त्यावर टाका, आणि ज्यांनी अर्ज केला त्यांच्या नावापुढे खूण करून कागद पुढच्या मेंटॉरकडे द्या. ज्यांच्या नावापुढे खूण नाही त्यांचे फोन नंबर त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.